पोथीतला पेच आणि पडद्यावरचे दिवे

एखाद्या छोट्या, दाट विणीच्या कादंबरीवर चित्रपट येणार असं जाहीर झालं की आपल्याकडे ठरावीक चर्चा सुरू होते. मूळ पुस्तकाला न्याय मिळेल का? लेखकाची भाषा पडद्यावर कशी आणणार? अमुक समाजाच्या भावना दुखावतील का? वाचक पहिल्या प्रश्नावर भांडतात, समीक्षक दुसऱ्यावर, आणि निर्मात्याची झोप उडते ती तिसऱ्यामुळे. माझ्या मते हे तिन्ही प्रश्न खऱ्या अडचणीभोवती नुसते घिरट्या घालतात. परंपरेत मुरलेली लघुकादंबरी श्रद्धेबद्दल निकाल देत नाही. कॅमेरा मात्र सवयीने निकाल देऊन मोकळा होतो. अडचण ही आहे.

यू. आर. अनंतमूर्ती यांची ‘संस्कार’ ही कन्नड कादंबरी १९६५ सालची. दुर्वासपुर नावाच्या माध्व ब्राह्मणांच्या अग्रहारात, म्हणजे ब्राह्मणवस्तीत, नारणप्पा मरतो. तो दारू प्यायचा, मांस खायचा, चंद्रीला घरात ठेवून राहायचा. पण त्याला जातीबाहेर कोणी काढलेलं नव्हतं. म्हणजे तो ब्राह्मण म्हणूनच मेला. मग त्याला अग्नी कोणी द्यायचा? जो देईल तो बाटणार. कोणीच दिला नाही तर प्रेत पडून राहणार, आणि प्रेत पडलेलं असेतो कोणाच्या घरी चूल पेटणार नाही. पंडित प्राणेशाचार्य ताडपत्रांच्या पोथ्या चाळतात, उत्तर मिळत नाही. मारुतीच्या देवळात कौल मागतात, तर मारुती उजवं फूलही देत नाही आणि डावंही देत नाही. तिकडे उंदीर मरू लागलेत, गिधाडं छपरांवर उतरतायत, आणि धर्माची चर्चा करायला जमलेली मंडळी मनातून जेवणाचा विचार करतायत. कथानक पुढे ढकलणारी ताकद इथे कुणा माणसाची नाही, नियमाची आहे. नियम काढला तर उरते ती एका साथीची आणि एका व्यभिचाराची गोष्ट.

पट्टाभिराम रेड्डी यांनी १९७० साली तिच्यावर चित्रपट केला. गिरीश कार्नाड प्राणेशाचार्य, स्नेहलता रेड्डी चंद्री आणि पी. लंकेश नारणप्पा. कृष्णधवल छायाचित्रण टॉम कोवन या ऑस्ट्रेलियन माणसाचं. मला नेहमी वाटतं की या परक्या कॅमेरामनमुळे चित्रपट एका मोठ्या मोहातून वाचला. अग्रहाराबद्दल त्याच्या मनात हळवेपणा नव्हता. आजोळच्या आठवणी नव्हत्या. त्याने ऊन, भिंती, ओसरीवर बसून राहिलेली माणसं आणि त्यांचं ताटकळणं टिपलं. पूर्वार्धात हे जमून येतं, कारण भूक आणि खोळंबा या गोष्टी डोळ्यांना दिसतात. उत्तरार्धात मात्र चित्रपट अडखळतो. बायको गेल्यावर आचार्य गाव सोडून चालू लागतात. पुस्तकात त्या चालण्यात आख्खा विचार उलगडतो: मी चंद्रीला जवळ केलं की ते माझ्याकडून घडून गेलं? निर्णय कुठल्या क्षणी झाला? तो माझा होता का? पडद्यावर एक माणूस चालतो आणि पुट्टा नावाचा बडबड्या सोबती त्याची पाठ सोडत नाही, एवढंच. कार्नाडांचा चेहरा बोलका आहे, पण चेहऱ्याला युक्तिवाद करता येत नाही.

हा झाला विचारांचा पेच. श्रद्धेचा पेच याहून अवघड. तकळी शिवशंकर पिळ्ळै यांच्या ‘चेम्मीन’ या मल्याळम कादंबरीत (१९५६) कोळ्यांचा एक समज आहे. नवरा समुद्रात असताना त्याचा जीव किनाऱ्यावरच्या बायकोच्या पातिव्रत्यावर टिकून असतो. ती चुकली तर समुद्रमाता कडलम्मा त्याला गिळते. आया हे मुलींना सांगतात, शेजारणी टोमण्यांतून ऐकवतात, म्हाताऱ्या मेलेल्यांचे दाखले देतात. नायिका करुत्तम्मा हिच्या आयुष्याभोवती हा समज फास होऊन बसतो. पुस्तकात शेवटी तिचा नवरा पळनी समुद्रात जातो तेव्हा वाचकाला दोन वाटा मोकळ्या असतात: कडलम्माने नेलं, किंवा कोळ्यांना नेहमीच नेणाऱ्या वादळाने नेलं आणि गावाला हवा तसा अर्थ मिळाला. रामू करिआत यांच्या १९६५ च्या चित्रपटाने राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवलं. दक्षिणेतल्या चित्रपटाला ते पहिल्यांदाच मिळालं. मार्कस बार्टली यांचं छायाचित्रण, सलील चौधरींचं संगीत, हृषीकेश मुखर्जींचं संकलन. सगळं अव्वल आहे, आणि नेमकं म्हणूनच त्या लाटा कोप झाल्यासारख्या दिसतात. ती किनाऱ्यावर प्रियकराच्या मिठीत, तो समुद्रात, दृश्यं आलटून पालटून येतात. संकलनाच्या त्या एका क्लृप्तीने कोळीवाड्याचा समज सिद्ध होतो. लेखक ऐकीव गोष्ट ऐकीव ठेवू शकतो. पडद्यावर जे दिसलं ते घडलं, असं प्रेक्षक धरून चालतो.

आपल्या घरचं उदाहरण चिं. त्र्यं. खानोलकरांचं. ‘कोंडुरा’ (१९६६) मध्ये परशुरामतात्याला ब्रह्मचर्याच्या अटीवर वर मिळतो, गर्भ पाडणारी मुळी मिळते, आणि त्यातून जे घडत जातं ते दैवी कोप की दाबून टाकलेल्या वासनेचा खेळ, हे खानोलकर ठरवू देत नाहीत. त्यांच्या कोकणात देव, देवचार, नाग आणि माणसाचं आजारी मन एकाच अंगणात वावरतात. त्यांच्यात कुंपण नसतं. श्याम बेनेगल यांनी १९७८ साली ही कादंबरी आंध्रातल्या खेड्यात नेली आणि हिंदीत ‘कोंडुरा’, तेलुगूत ‘अनुग्रहम’ असे दोन चित्रपट केले. बेनेगलांना जमीनदारी, सत्ता आणि सत्तेने वाकवलेली बाईमाणसं कळतात. त्या अंगाने चित्रपट भक्कम आहे. स्थळ बदललं याबद्दलही माझी तक्रार नाही. पण कोंडुरास्वामी म्हणून अमरीश पुरींचा देह आणि तो आवाज समोर उभा राहिला की शंका घ्यायला जागा राहत नाही. कादंबरीत तात्याला काय दिसलं हे आपण तात्याकडून ऐकतो. चित्रपटात ते आपल्याला दिसतं, म्हणजे आपणही साक्षीदार होतो आणि साक्ष फिरवता येत नाही.

या अडचणीला बगल द्यायची सोपी वाट म्हणजे सजावट. परंपरा म्हटलं की कलादिग्दर्शक कामाला लागतो: तुळशीवृंदावन, समया, ओलेत्या केसांची बाई, पाटाभोवती रांगोळी, पितळेची चकाकणारी भांडी. ज्या घरात सोवळं कडक असतं त्या घरात माणसं दिवसभर कशाला तरी शिवायचं टाळत असतात, कुणाची तरी वाट बघत असतात, उपाशी असतात, ओल्या कपड्यात कुडकुडत असतात. हे कुठल्याच जाहिरातीत बसत नाही. दिवे बसतात. प्रेक्षकाला परंपरेचा सुगंध येतो, जाच जाणवत नाही.

विजयदान देथांच्या ‘दुविधा’ या राजस्थानी कथेवर दोन चित्रपट झाले, त्यामुळे हा फरक शेजारी शेजारी ठेवून पाहता येतो. नवी नवरी सासरी येते, नवरा लगेच व्यापाराला पाच वर्षांसाठी निघून जातो. वाटेत तिच्यावर भाळलेलं भूत त्याचं रूप घेऊन घरी येतं, पण तिच्याशी खोटं बोलत नाही. मी तुझा नवरा नाही, असं सांगून टाकतं. ती त्याला स्वीकारते. मूल होतं, खरा नवरा परततो, एक धनगर युक्तीने भुताला कातड्याच्या पिशवीत कोंडतो, आणि बाई उरलेल्या आयुष्यासाठी खऱ्या नवऱ्याच्या वाट्याला येते. तिला कोणी काही विचारत नाही. मणी कौल यांच्या १९७३ च्या चित्रपटात गोठलेली चित्रं आहेत, मोजकं बोलणं आहे, पांढऱ्या भिंतीपुढे लाल ओढणी आहे. तिथे भूत भुतासारखं दिसत नाही. घटनेपेक्षा घटनेची हकिगत आपल्या कानावर येते. त्यामुळे खरं काय हा प्रश्न शेवटपर्यंत हवेत राहतो. चित्रपट संथ आहे, आणि ज्यांना तो पाहवत नाही त्यांना मी दोष देणार नाही.

अमोल पालेकरांच्या ‘पहेली’त (२००५) शाहरुख खान, राणी मुखर्जी, बोलक्या कठपुतळ्या आणि डोळे दिपवणारे रंग आहेत. पालेकरांनी शेवट बदलला: भूत सुटून नवऱ्याच्या अंगात शिरतं आणि बाईला तिचं प्रेम परत मिळतं. या बदलामागे तिच्याबद्दलची कणव आहे, ती खोटी नाही. पण मूळ कथेतला सगळा जाच असा की व्यवस्था जिंकते आणि ती जिंकलीय हे कोणाच्या लक्षातही येत नाही. दुकान चालू राहतं, बापाचा हिशेब जुळतो. पालेकरांनी बाईला सुख दिलं आणि गावाला मोकळं सोडलं. तरीही लोककथेवर जगणाऱ्या कथेला दुसऱ्याने दुसरा शेवट देणं हे परंपरेला धरूनच आहे, असं कोणी म्हणालं तर मला ते खोडता येणार नाही. बोरुंदा या आपल्या गावात बसून देथांनीही ऐकलेल्या कथा बदलूनच लिहिल्या होत्या. माझा आक्षेप बदलाला नाही, बदलाने पेच सुटण्याला आहे.

भाषेच्या दाटपणाकडे येतो. इथे ‘चारुलता’चं उदाहरण द्यायची पद्धत आहे. सत्यजित राय यांनी टागोरांच्या ‘नष्टनीड’वर काय केलं, टीकेला उत्तर कसं दिलं, हे खूपदा सांगून झालंय. पण ‘नष्टनीड’मधली घुसमट सुशिक्षित घरातली आहे, तिथे कोणाला कर्मकांडाचा कौल लागत नाही. आपल्या प्रश्नाला जवळचं पुस्तक कमलकुमार मजुमदार यांचं ‘अंतर्जली जात्रा’. बंगाली गद्य बोलीकडे वळलेलं असताना या गृहस्थाने मुद्दाम जुनी ग्रांथिक साधुभाषा घेतली आणि तीही अशी वळणावळणाची की बंगाली वाचकही एकेका वाक्यापाशी थांबतो. गंगेच्या काठावर मरायला आणलेला म्हातारा सीताराम, त्याच्याशी लग्न लावलेली कोवळी यशोबती, सती जाण्याची तयारी, आणि या सगळ्याला एकटा विरोध करणारा स्मशानातला चांडाळ बैजू. भाषा इतकी झळाळती आहे की भयंकर गोष्ट सुंदर वाटते, आणि ती सुंदर वाटली म्हणून वाचकाला स्वतःची लाज वाटते. ही लाज हेच पुस्तकाचं काम आहे.

गौतम घोष यांनी १९८७ साली त्यावर चित्रपट केला. हिंदीत तो ‘महायात्रा’ म्हणून आला. बैजू झाला शत्रुघ्न सिन्हा. नदी पडद्यावरही सुंदर दिसते, पण नदी तशी कोणीही घेतली तरी सुंदरच दिसते. तिच्या सौंदर्याची लाज वाटत नाही. शिवाय बैजू आपल्या मनातलं बोलतो. दोनशे वर्षांपूर्वीच्या स्मशानात तो आपला प्रतिनिधी आहे, त्यामुळे चित्रपट नकळत त्याच्या खांद्यावर विसावतो. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राजस्थानातल्या देवराळ्यात रूपकंवर चितेवर गेली. हजारो लोक दर्शनाला जमले आणि सतीप्रथेविरुद्ध नवा कायदा करावा लागला. अशा वर्षात दिग्दर्शकाने तटस्थ राहावं असं सांगणं म्हणजे बेजबाबदारपणा. सतीबद्दल निकाल द्यायलाच हवा, आणि तो देण्यात कलेचं काही बिघडत नाही.

पण दोन निकालांत फरक करावा लागेल. सती ही हत्या आहे, हा एक निकाल. यशोबतीचा तिच्यावर खरा विश्वास नव्हताच, हा दुसरा; आणि हा दुसरा खोटा आहे. पुस्तकातली यशोबती मानते. ती त्या म्हाताऱ्याला पती मानते, त्याच्या उशाशी बसते, बैजूला झिडकारते. परंपरेची सगळी ताकद तिथेच आहे: ती बळी घेते आणि बळीकडून संमतीही घेते. तिचा विश्वास काढून घेऊन तिला नुसती घाबरलेली, सुटका मागणारी मुलगी केली की प्रेक्षक निर्धास्त होतो. जबरदस्ती करणारे राक्षस होते, आपण तसे नाही, असं म्हणून तो घरी जातो. देवराळ्यात गर्दी करणारी माणसं राक्षस नव्हती. ती भाविक होती, आणि भीती वाटायला हवी ती त्याची.

इथे एका अप्रिय गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. या कादंबऱ्या बहुतेक वेळा वरच्या जातीतल्या पुरुषाच्या पेचाच्या गोष्टी आहेत, आणि त्या पेचातून त्याला बाहेर काढायला खालच्या जातीतली बाई लागते. ‘संस्कार’मधली चंद्री सावळी, भरल्या अंगाची, निसर्गासारखी, अग्रहारातल्या बायका सुकलेल्या. पुस्तकात ही नजर आचार्यांची आणि तिथल्या इतर पुरुषांची आहे हे वाक्याच्या वळणावरून कळतं. काही ठिकाणी लेखकही त्या नजरेत वाहवतो, ते वेगळं. कॅमेऱ्यात मात्र ती नजर थेट आपली होते. चंद्रीच्या अंगावर रेंगाळणारा शॉट कोणाचा आहे हे सांगायला पडद्यावर व्याकरण नाही. म्हणून आजचा दिग्दर्शक ‘संस्कार’ पुन्हा करायला घेईल तर मी त्याला एकच सांगेन: पोथ्या चाळणाऱ्या मंडळींच्या बैठकीत जेवढा वेळ काढाल त्याच्या दुप्पट वेळ चंद्री काय करते ते दाखवा. शेवटी तीच प्रेताची सोय करते; रात्री एका मुसलमान ओळखीच्याला गाठून दहन उरकून टाकते. एवढ्या शास्त्रार्थाचा विषय तिने एका रात्रीत संपवला, आणि अग्रहाराला त्याचा पत्ताही नाही. हा विनोद चित्रपटाला पुस्तकापेक्षा जास्त चांगला करता येईल.

म्हणजे माध्यम दुबळं आहे असं नाही. गिरीश कासरवल्ली यांनी १९७७ साली अनंतमूर्तींच्याच कथेवर ‘घटश्राद्ध’ केला, तेव्हा सगळी गोष्ट नाणी या वेदपाठशाळेतल्या पोराच्या डोळ्यांसमोरून जाऊ दिली. पोराला विधी पाठ आहेत, त्यांचा अर्थ माहीत नाही. विधवा यमुनेला दिवस गेलेत, गावात काहीतरी शिजतंय, आणि शेवटी जिवंत बाईचं श्राद्ध घातलं जातं. मडकं फुटतं, तिचं मुंडण होतं. चित्रपट धर्मशास्त्राबद्दल चकार शब्द समजावून सांगत नाही, कारण पोरालाही कोणी सांगितलेलं नसतं. माध्व, स्मार्त, मठ, बहिष्कार यांतलं काही ठाऊक नसलेल्या माणसालाही काय चाललंय ते नीट कळतं. नियम मोडल्यावर काय होतं ते दिसलं की नियम कळतो. बाहेरच्या प्रेक्षकाला संदर्भ कसे कळणार, म्हणून सुरुवातीला भारदस्त आवाजात निवेदन घालणाऱ्यांनी हा चित्रपट पाहावा.

मराठीत गो. नी. दांडेकरांच्या ‘जैत रे जैत’चं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. भगताचा पोर नाग्या, त्याला पुण्यवंत व्हायचंय, मधमाश्यांची राणी माशी बघायचीय. माशी त्याच्या डोळ्याला डसते आणि त्याचं देवाशी, म्हणजे डोंगराशी वैर जुंपतं. लिंगोबाचा डोंगर खरोखर देव आहे की पोळ्यांनी लगडलेला नुसता कडा? पुस्तकात ही दुहेरी जाणीव गोनीदांच्या सांगण्याच्या लयीत आहे. जब्बार पटेलांनी १९७७ साली ती लय गाण्यांकडे सोपवली. ना. धों. महानोरांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत, आणि ठाकर आदिवासींचा मेळा जो गोष्ट सांगतोही आणि तिच्यात असतोही. मोहन आगाशे आणि स्मिता पाटील अभिनय करतात तेव्हा घटना घडते. मेळा गातो तेव्हा ती सांगोवांगीची होते. श्रद्धेला पुरावा न मागता आणि न देता पुढे जायची युक्ती चित्रपटाला त्या समाजाच्या गाण्यातच सापडली. जी परंपरा दाखवायची तिचा घाट उसना घ्यावा, तिचे कपडे नव्हेत.

एम. टी. वासुदेवन नायर यांनी तर स्वतःच्या कथेवरचा ‘निर्माल्यम’ (१९७३) स्वतःच दिग्दर्शित केला. आयुष्यभर देवीचा संचार अंगात घेणारा वेळिच्चपाड शेवटी डोकं फोडून घेतो आणि देवीच्या मूर्तीवर रक्त थुंकतो. हा नास्तिकपणा नाही. देवी नाहीच असं वाटणारा माणूस तिच्यावर थुंकायला जात नाही. त्या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. आज तो शेवट चित्रित करायला कोण धजावेल, हे ज्याने त्याने मनाशी ताडून पाहावं.

प्रश्न सार्वजनिक होतो तो इथे. ‘संस्कार’ पुस्तकावर वाद झाले, तरी ते दुकानात मिळत होतं. चित्रपट मात्र मद्रासच्या सेन्सॉर मंडळाने अडवला. केंद्राकडून तो सुटला आणि पुढे त्यालाही सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, कन्नडला पहिल्यांदा. त्याच १९७० साली ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रदर्शनापूर्वीचं परीक्षण वैध ठरवलं. एक कारण असं की चित्रपट माणसाला इतर कलांपेक्षा जास्त खोलवर हलवतो. गंमत अशी की न्यायालयाचं निरीक्षण बरोबर आहे. वर मी तेच म्हणतोय, पडद्यावर दिसलेलं घडलेलं वाटतं. पण त्यातून निघणारं अनुमान मला उलट वाटतं. ज्या माध्यमाचा कल निकाल देण्याकडे आहे त्याला शंका घेण्याची जास्त मोकळीक हवी. आपण नेमकी शंकाच कापतो. प्रमाणन मंडळाविरुद्ध दाद मागायला जे अपील न्यायाधिकरण होतं तेही २०२१ साली रद्द झालं. आता थेट उच्च न्यायालय गाठायचं. मोठ्या निर्मात्याला ते परवडतं. शंभर पानांच्या कादंबरीवर कमी पैशांत चित्रपट करणारा सेन्सॉरच्या आधी स्वतःच कात्री चालवतो.

दडपण एकाच बाजूचं आहे असंही नाही. एक गट म्हणतो, आमच्या चालीरीती वाईट दाखवू नका. दुसरा म्हणतो, त्या वाईट आहेत हे ठणकावून सांगा, नाहीतर तुम्ही उदात्तीकरण करताय. दुसऱ्या गटातली बरीच माणसं माझी मित्र आहेत आणि त्यांची चिंता मला कळते. तरी दोघांचीही मागणी एकच आहे: ठरवून टाका. अशाने एकीकडे दिव्यांचे चित्रपट होतात आणि दुसरीकडे भाषणांचे, आणि मधली पुस्तकं कपाटात राहतात.

पैशाच्या वाटाही असल्या पुस्तकावर चित्रपट करणाऱ्याला मदत करत नाहीत. राज्य सरकारचं अनुदान चित्रपट पूर्ण झाल्यावर, दर्जा ठरवून मिळतं. असल्या पुस्तकावर खर्च करायचा असतो तो आधी: पटकथेचे चार-पाच खर्डे, त्या गावात काढलेले महिने, विधी जाणणाऱ्यांशी आणि ते सोसलेल्यांशी बोलणं. त्यासाठी कोणाच्याच अंदाजपत्रकात रकाना नसतो. आणि हल्ली ओटीटीवाले विचारतात, याची आठ भागांची मालिका होईल का? होईल, पण लघुकादंबरी एका दमात सांगितलेली असते. प्रेत दारात आहे, चूल बंद आहे, ही कोंडी आठ रात्री पुरवायची तर मध्ये उपकथानकं घालावी लागतात, आणि उपकथानकात माणसं जेवायला लागतात.

‘कोंडुरा’ पुन्हा कोकणात, मालवणी बोलीत व्हावा असं मला फार वाटतं. निर्माते म्हणतील, शेवटी खरं काय ते दाखवलं नाही तर प्रेक्षक चिडेल. त्यांनी सिंधुदुर्गात एखाद्या जत्रेत दशावतार बघावा. विष्णू झालेला नट दिवसा शेतात असतो हे समोरच्या प्रत्येकाला माहीत असतं, मघाशी रंग लावताना तो विडी ओढत होता हेही कोणीतरी पाहिलेलं असतं, आणि तो मंचावर आला की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या हात जोडतात. त्यांना कोणी भोळं म्हणू नये. नाटक संपल्यावर त्याच त्याला भाताचं पीक कसं आहे ते विचारतात. असा प्रेक्षक शेकडो वर्षं रात्र जागवत आलाय, तरी त्याला एकच ठाम उत्तर हवं असतं हे या मंडळींनी कशावरून ठरवलं, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.